कानस पोराच्या हातातच राहू द्या

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तसा आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल आणि माझं काही चुकत असेल तर तुम्ही सांगाल. तुम्ही चाकणला एका कंपनीत मेंटेनन्सला आहात, मेकॅनिकल डिप्लोमा, वय ३१, नऊ वर्षं झाली नोकरीला, हातात ३८ हजार येतात. गेली दोन-तीन वर्षं नवीन ट्रेनी आला की सुपरवायझर त्याला तुमच्याकडेच पाठवतो, कारण तुम्ही न ओरडता समजावून सांगता. आणि तुमच्या लक्षात आलंय की आठवड्यातले तेवढेच तास मनाला बरे वाटतात, बाकी सगळं ब्रेकडाउन, शिफ्ट आणि रिपोर्ट. आता गावाजवळच्या एका खाजगी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला (धातूचे भाग कापून, घासून मापात बसवायचं काम) इन्स्ट्रक्टरची जागा निघालीय, पगार १८ हजार, करार ११ महिन्यांचा. घरी बायको, चार वर्षांची मुलगी, आणि वडील म्हणतायत की चांगली नोकरी सोडायला डोकं फिरलंय का तुझं. तुमचा प्रश्न असा की शिकवण्यात, कोणाच्या तरी उपयोगी पडण्यात जे समाधान आहे त्यासाठी हे करावं का, आणि ते समाधान टिकतं का चार दिवसांनी विरून जातं.

मी २७ वर्षं फिटर ट्रेडला इन्स्ट्रक्टर आहे. त्याआधी सहा वर्षं भोसरीला टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यातली हत्यारं आणि साचे बनवायच्या विभागात होतो, म्हणजे तुम्ही आज जिथे उभे आहात साधारण तिथेच मी होतो. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सवडीने वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत, ते आधी सोडवून घ्या. शिकवणं आवडतं हा एक आणि आत्ताच्या नोकरीचा कंटाळा आलाय हा दुसरा. दोन्ही खरे असू शकतात. पण कंटाळ्यावरचा उपाय म्हणून शिकवायला गेलात तर तिथेही सहा महिन्यांत कंटाळाल, कारण एवढा रिपीट असलेला दुसरा उद्योग नाही. मी हॅकसॉचं, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीचं ब्लेड कसं लावायचं, दात पुढच्या बाजूला आले पाहिजेत, हे २७ वेळा नव्या बॅचला शिकवलंय आणि प्रत्येक बॅचमध्ये निदान चार जणांनी ते उलटं लावलंय. तुमच्याकडे जो ट्रेनी येतो तो आयटीआय किंवा डिप्लोमा करून आलेला असतो, त्याला स्टायपेंड मिळतो, त्याला तिथे टिकायचं असतं, आणि एका वेळी तो एकटा किंवा फार तर दोघं. त्याला शिकवण्यात मजा येणारच. आयटीआयला २० जणांची बॅच असते, त्यातल्या कितीतरी जणांना फिटर म्हणजे काय हेही माहीत नसतं, इलेक्ट्रिशियनला नंबर लागला नाही म्हणून आलेले असतात, काहींना तर मामाने फॉर्म भरून दिलेला असतो. तो आनंद तिथे असाच्या असा मिळेल हे गृहीत धरू नका.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते सरळ सांगतो. मी नोकरी सोडली तेव्हा माझाही पगार जवळजवळ अर्ध्यावर आला होता. पण घरी दोन एकर बागायत होती, भाऊ बघायचा, धान्य आणि भाजीपाला घरचा, भाडं नाही, डोक्यावर कर्ज नाही. हे सगळं असल्यामुळे मला हे जमलं आणि नंतर लोकांना सांगताना मी बरीच वर्षं एवढंच सांगायचो की मनाचं ऐकलं. ते अर्धंच खरं होतं. तुमच्या प्रश्नात होमलोनचा उल्लेख नाही, बायको नोकरी करते का तेही नाही. हप्ता १५ हजारांचा असेल तर ह्या चर्चेला अर्थ नाही, १८ हजारांत घर चालणार नाही आणि पैशाची ओढाताण सुरू झाली की पहिला बळी शिकवण्याचाच जातो, माणूस वर्गात उभा असतो आणि डोक्यात हप्ता फिरत असतो. ११ महिन्यांचा करार म्हणजे बाराव्या महिन्यात तुम्ही आहात की नाही हे दुसरं कोणीतरी ठरवणार. मी एका ठिकाणी करारावर असताना पगार तीन-तीन महिने उशिरा व्हायचा, तेव्हा दिवाळीला भावाकडून पैसे घेतलेत. तुमच्या वडिलांची काळजी खोटी नाही, त्यांना उलट उत्तर देऊ नका.

हे झालं व्यवहाराचं. आता समाधान टिकतं का ते, आणि त्यासाठी मला वर्कशॉपमध्येच जावं लागेल.

फिटरला आलेल्या पोराचे पहिले काही आठवडे फायलिंगमध्ये, म्हणजे कानशीने धातू घासण्यात जातात. एमएसचा, म्हणजे साध्या पोलादाचा तुकडा व्हाईसमध्ये (टेबलाला बसवलेला शिकंजा) धरायचा, बारा इंची बास्टर्ड, म्हणजे भरड दातांची कानस घ्यायची आणि एक बाजू सपाट करायची. सांगायला दोन मिनिटं लागतात. व्हाईस कोपराच्या उंचीला, डावा पाय पुढे, पुढे जाताना दाब, मागे येताना दाब सोडायचा. सुरुवातीला डाव्या हाताचा भार जास्त, मध्यावर दोन्ही सारखे, शेवटाला उजव्याचा जास्त. पोरं माना हलवतात. मग कानस हातात घेतात आणि ती झोपाळ्यासारखी वरखाली होते, त्यामुळे जॉबच्या, म्हणजे घासत असलेल्या तुकड्याच्या कडा उतरतात आणि मधे फुगवटा राहतो. ट्राय स्क्वेअरची, म्हणजे काटकोन तपासायच्या गुण्याची पट्टी त्यावर ठेवून खिडकीकडे धरलं की दोन्ही टोकांना पट्टीखालून उजेड दिसतो. आमच्याकडे सगळा हिशोब त्या उजेडाचा. उजेड दिसतोय म्हणजे अजून घासायचंय. तळहाताला फोड येतात, खांदे भरून येतात, आणि पहिल्या आठवड्यातच दोन-तीन जण यायचे बंद होतात.

पहिली दोन वर्षं मी काय करायचो तर एखाद्याचं जमत नाही असं दिसलं की "दे इकडे" म्हणायचो, त्याच्या हातातली कानस घ्यायचो आणि दहा-पंधरा हात मारून जॉब सपाट करून द्यायचो. टूलरूमचा हात होता, मला ते सहज जमायचं. पोरं गोल करून बघायची, सर एक नंबर म्हणायची. संध्याकाळी घरी जाताना वाटायचं आज भरपूर शिकवलं. खरंच सांगतो, तुम्ही जे समाधान म्हणताय ना तसंच वाटायचं ते, छाती भरून यायची.

दुसऱ्या वर्षी ट्रेड टेस्टच्या प्रॅक्टिकलला मेल-फिमेल फिटिंगचा जॉब होता, म्हणजे एक भाग दुसऱ्यात बरोबर बसला पाहिजे. परीक्षक बाहेरचे, मला जवळ जायला बंदी. वर्षभर चांगले जॉब दाखवणारी माझी पोरं तिथे अडकली. एक जण तर दोन्ही तुकडे हातात घेऊन उभा होता, ते एकमेकांत जात नव्हते, आणि कुठून घासायचं हे त्याला कळत नव्हतं. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी दारात उभा होतो. दोन वर्षं मी त्याचा जॉब करत आलो होतो आणि त्याला वाटत होतं आपण करतोय, मलाही वाटत होतं मी शिकवतोय. ती नजर मी विसरलेलो नाही. तो त्या वेळी नापास झाला, पुढच्या खेपेला बसला आणि पास झाला, पण त्याचं एक वर्ष माझ्यामुळे गेलं.

तेव्हापासून एक नियम पाळतो. बोट किंवा डोळा जाणार असेल तर क्षणात थांबवायचं, ओरडावं लागलं तरी ओरडायचं. फक्त जॉब जाणार असेल तर थांबायचं. जॉब जाऊ द्यायचा. कानस त्याच्याच हातात राहू द्यायची आणि आपले हात मागे बांधायचे. विचारायचं, उजेड कुठून दिसतोय, डावीकडून की उजवीकडून, मग कुठे उंच आहे, मग कुठे घासायचं. उत्तर त्याने द्यायचं. ह्याला वेळ फार लागतो आणि बघणाऱ्याला वाटतं हा मास्तर काहीच करत नाहीये. तुम्हाला म्हणून सांगतो, शिकवण्यातला सगळ्यात कष्टाचा भाग मला हाच वाटतो, येत असलेलं काम दुसऱ्याला चुकताना बघत गप्प उभं राहणं.

आणि मला जे खरं समाधान मिळालं ते हे करायला लागल्यावर. दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. जुन्नरच्या पश्चिमेकडच्या डोंगरातला एक पोरगा होता, दोन एसट्या बदलून यायचा, वर्गात तोंडातून शब्द काढायचा नाही. पहिला जॉब त्याला जमेचना. बाकीचे पुढच्या जॉबला लागले, हा नऊ दिवस त्याच तुकड्यावर. तुकडा घासून घासून इतका लहान झाला की मापात बसेना, मग दुसरा दिला. मी रोज दोनदा जायचो, उजेड कुठून दिसतोय एवढंच विचारायचो, तो बोटाने दाखवायचा. मधे एकदा त्याची कानस बघितली तर दातांत एमएसचा चुरा बसलेला, त्याने जॉबवर चरे पडत होते. वायर ब्रशने कानस कशी साफ करायची आणि वरून खडू कसा फिरवायचा म्हणजे चुरा अडकत नाही, हे दाखवलं, बाकी काही नाही.

दहाव्या दिवशी मी दुसऱ्या टोकाला कोणाचं तरी मार्किंग बघत होतो. त्याने जॉब कपड्याने पुसला, ट्राय स्क्वेअर लावला, खिडकीकडे धरला. जॉब फिरवून पुन्हा धरला. मग तिसऱ्यांदा. मला हाक मारली नाही. जॉब व्हाईसच्या शेजारी अगदी अलगद ठेवला, मशीनचा नाजूक पार्ट ठेवतात तसा, आणि शेजारच्या व्हाईसवरच्या पोराकडे गेला. त्याचा डावा हात कानशीवर कुठे पडतोय ते बघितलं आणि दोन बोटांनी तो हात थोडा पुढे सरकवला. नऊ दिवस न बोललेलं पोर दुसऱ्याला शिकवायला गेलं. मी तिथे पोचलोही नव्हतो. तिथे माझी गरजच नव्हती.

तुम्ही विचारलंत ते टिकतं का, तर हे टिकतं. सर एक नंबर वालं समाधान त्याच संध्याकाळी संपतं आणि उद्या पुन्हा हवं असतं, त्यासाठी माणूस पोरांना आपल्यावर अवलंबून ठेवायला लागतो, त्याच्याही नकळत. आपली गरज संपल्याचं जे समाधान आहे ते सावकाश येतं, वर्षातून दोनदा-तीनदाच येतं, पण मला आज एवढ्या वर्षांनी त्या खिडकीतला उजेडसुद्धा आठवतो. तुम्ही ट्रेनीला शिकवता तेव्हा ह्यातलं नेमकं कुठलं आवडतं ते स्वतःला विचारा. लाज वाटून घेऊ नका, मला पहिलं आवडायचं, सगळ्यांनाच आधी पहिलंच आवडतं. पण आवडणं तिथेच अडकलं तर ह्या पेशात माणूस कडू होतो. पोरं पुढे निघून जातात, फोन करत नाहीत, पगार वाढत नाही, आणि मग स्टाफरूममध्ये बसून हल्लीची पोरं कृतघ्न आहेत हे ऐकवत राहतो. असे चांगले हात असलेले लोक मी बघितलेत, वाईट वाटतं.

अजून एक गोष्ट बाहेरून दिसत नाही. २० जणांच्या बॅचमध्ये पाच-सहा जण असे असतात की तुम्ही नसलात तरी शिकतील, त्यांचा हात आणि डोकं दोन्ही चालतं. तीन-चार जणांना तिथे यायचंच नसतं. आणि मधले दहा. सुरुवातीला मी सगळा वेळ पहिल्या पाच जणांना द्यायचो, कारण त्यांना शिकवताना आपण फार चांगले शिक्षक आहोत असं वाटतं, तुम्ही अर्धं वाक्य बोलता आणि ते पूर्ण करतात. पण इन्स्ट्रक्टर असण्या-नसण्याने खरा फरक पडतो तो मधल्या दहांना. ते मागत नाहीत, त्रास देत नाहीत, दिसत नाहीत. टॅप मारताना, म्हणजे भोकात आटे पाडताना, पुढे फिरवून अर्धा आटा मागे घ्यायचा म्हणजे चिप तुटते, हे त्यांनी ऐकलेलं असतं, वहीत लिहिलेलं असतं, आणि तरी सरळ दाबून फिरवतात, टॅप मोडतो आणि अर्धा तुकडा जॉबमध्ये अडकतो. ह्या पोराजवळ जाऊन तू वाईट आहेस असं न वाटू देता पुन्हा तेच सांगायचं, चौथ्यांदा, पाचव्यांदा, आणि आवाज पहिल्या वेळेइतकाच साधा ठेवायचा. तुम्ही म्हणता तुम्ही ओरडत नाही. चांगलंय. पण एका ट्रेनीला दुसऱ्यांदा सांगताना न ओरडणं आणि दहा पोरांना पाचव्यांदा सांगताना न ओरडणं ह्यात फरक आहे, तो स्वतः बघितल्याशिवाय कळणार नाही.

आणि सगळ्यांना मदत होत नाही, हेही मनाशी धरून या. एक पोरगा होता, हात इतका चांगला की दुसऱ्या महिन्यात त्याचं मार्किंग माझ्यापेक्षा स्वच्छ यायचं. दिवाळीनंतर यायचा बंद झाला. मी दोनदा त्याच्या घरी गेलो. वडिलांचा अपघात झालेला, सावकाराचं देणं, आई म्हणाली सर तुम्ही चहा घ्या, पण त्याला नेऊ नका, तो पिकअपवर जातोय, दिवसाचे रोख पैसे येतात. मी फी भरतो म्हणालो. फीचा प्रश्नच नव्हता, दिवसाच्या मजुरीचा होता, आणि ती मी देऊ शकत नव्हतो. तो अजून पिकअप चालवतो, कांदा घेऊन मंचरला जाताना रस्त्यात दिसला की हात करतो. त्याचं आयुष्य वाईट चाललंय असं म्हणायचा मला अधिकार नाही. पण त्या वर्षी मला झोप लागायची नाही, आणि तेव्हा एका जुन्या सहकाऱ्याने सांगितलं की तू इन्स्ट्रक्टर आहेस, उरलेली १९ पोरं उद्या आठ वाजता येणारेत, त्यांच्यासाठी झोप. मी ते ऐकलं.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही घाबराल. पाच-सहा वर्षांपूर्वी बॅचमध्ये एक मुलगी होती, २० जणांत एकटी. आज रांजणगावला क्वालिटीत आहे. मागच्या वर्षी तिला म्हटलं बॅचशी बोलायला ये, तर आली, आणि बोलून झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाली, सर, तुम्ही व्हर्नियर (जबड्यात धरून माप घ्यायचं साधन) वाचायला शिकवता, ०.०२ मिलिमीटरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, ते करूच, पण आमच्याकडे सगळे डिजिटल व्हर्नियर आहेत आणि नवीन पोरं झिरो सेट न करताच माप घेतात, जबड्यात कचरा असला तरी बघत नाहीत, रोज त्यातच घोळ होतो, तेवढी सवय इथेच लावा. बरोबर होतं तिचं. आता माझ्याकडे प्रत्येक मापाआधी जबडे पुसायचे, बंद करायचे, झिरो बघायचा आणि मोठ्याने शून्य म्हणायचं असा नियम आहे. सकाळी वर्कशॉपभर शून्य, शून्य ऐकू येतं. माझ्या विद्यार्थिनीने मला शिकवलेलं मी पुढच्या पोरांना शिकवतोय, ह्यात मला जे वाटतं ते पगाराच्या स्लिपवर कधी येणार नाही आणि तरी ते माझ्या कमाईत धरतो मी.

नोकरी सोडून हे करणाऱ्यांचा विषय निघाला की मला डॉ. श्रीनाथ कलबाग आठवतात. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली मोठी नोकरी सोडून त्यांनी १९८३ साली शिरूर तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, पन्नाशी उलटल्यावर. शाळा अर्ध्यात सुटलेल्या पोरांना वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीज अशी कामं प्रत्यक्ष करायला लावून शिकवायची, आणि गावातल्या लोकांची खरी कामं पैसे घेऊन करून द्यायची, हा त्या शिक्षणाचाच भाग. मला त्यातलं हे पैसे घेऊन फार महत्त्वाचं वाटतं. शेतकऱ्याने पैसे दिले की गेट नीट लागलंच पाहिजे, तिथे मास्तर चांगलं म्हणाला की नाही ह्याला किंमत नाही, शिकणाऱ्याचं काम थेट दुसऱ्याच्या उपयोगी पडतं. मी माझ्याकडेही तेवढ्यापुरतं केलं. जवळच्या झेडपी शाळेची बाकं मोडली होती, बॅचने दुरुस्त करून दिली. जी पोरं परीक्षेच्या जॉबला कंटाळायची ती बाकाच्या पायाचा होल एक मिलिमीटर चुकला म्हणून स्वतःहून पुन्हा करत होती, कारण त्या बाकावर आपल्या गावचं पोरगं बसणार हे त्यांना माहीत होतं. लोकांच्या उपयोगी पडायचं समाधान जसं तुम्हाला हवंय तसं त्या १७ वर्षांच्या पोरालाही हवं असतं. ते त्याला मिळवून देणं हेही शिकवण्यातच येतं.

आता तुम्ही काय करावं, ह्यावर माझं मत स्पष्ट आहे. लगेच राजीनामा देऊ नका, पण विषय सोडूनही देऊ नका.

तुमच्याच कंपनीत आधी बघा. अप्रेंटिस ॲक्ट १९६१ चा आहे, ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, म्हणजे तुमच्याकडेही असणार. बहुतेक ठिकाणी त्यांना नुसतं पळापळीला वापरतात, पाना आण, ग्रीस आण. एचआरला किंवा मॅनेजरला जाऊन सांगा की ह्या वर्षीच्या अप्रेंटिसचं ट्रेनिंग मी बघतो, लिहून द्या. आठ-दहा पोरं, वर्षभर, आणि त्यात तुम्ही न निवडलेलीसुद्धा. तुमच्या सुपरवायझरने पाठवलेल्या एका हुशार ट्रेनीपेक्षा ही परीक्षा खरी आहे. पगार तोच राहतो. वर्षभराने तुम्हाला कळेल मधले दहा तुम्हाला झेपतात का. आणि असंही होऊ शकतं की तुम्हाला तिथेच हवं ते मिळेल. शिकवायला शाळेचीच पाटी लागते असं कुठे आहे, मला भोसरीला ज्या मिस्त्रींनी हात दिला त्यांनी आयुष्यात खडू हातात धरला नव्हता.

दुसरं, त्या आयटीआयला एकदा जाऊन वर्कशॉप बघून या. ऑफिसमध्ये बसून चहा पिऊन परत येऊ नका. व्हाईस किती आहेत मोजा, प्रत्येकाचा जबडा घट्ट बसतो का बघा. कानशी हातात घ्या, दात शिल्लक आहेत का. ड्रिलिंग मशीनवर धूळ आहे की कूलंटचे डाग, त्यावरून कळतं ती चालते का. पोरामागे वर्षाला किती एमएस देता असं सरळ विचारा. २०२२ च्या अभ्यासक्रमात वर्षाचे १२०० तास आहेत, त्यातले ८४० प्रॅक्टिकलचे, मटेरियलच नसेल तर ते तास कागदावर भरले जातात आणि त्यावर सही तुम्हाला करावी लागेल. आपण शिकवलेलं नाही त्यावर सही करत राहण्याने आतून जे होतं ते वाईट आहे, त्यापेक्षा ब्रेकडाउन बरे. तिथल्या पोरांशीही बोला, कुठला जॉब चालू आहे विचारा, उत्तर द्यायला ती वहीत बघतात की व्हाईसकडे बघतात ते लक्षात ठेवा.

तिसरं, ह्या लाईनमध्ये कायमचं यायचं असेल तर इन्स्ट्रक्टर ट्रेनिंगचा सीआयटीएस कोर्स, एक वर्षाचा पूर्णवेळ, आपल्याकडे मुंबईत चुनाभट्टीच्या एनएसटीआयला, म्हणजे केंद्र सरकारच्या कौशल्य प्रशिक्षण संस्थेत होतो. सरकारी जागेसाठी तो उपयोगी पडतो आणि त्यात शिकवायचं कसं हेही शिकवतात, जे मी चुकत चुकत शिकलो. त्या वर्षाचं उत्पन्न जाईल, म्हणजे घरात निदान वर्षभराचा खर्च बाजूला पाहिजे. मुलगी चार वर्षांची आहे, दोन-तीन वर्षं पैसे साठवून मग हे केलंत तरी तुम्ही ३४ चे असाल, काही उशीर होत नाही. बायकोबरोबर वही घेऊन बसा, तिच्यासमोर आकडे मांडा, तिला काय वाटतं ते आधी पूर्ण ऐका, समाधानाचं भाषण आधी करू नका.

आणि हे सगळं होईपर्यंत एक गोष्ट ह्याच आठवड्यात करून बघा. ट्रेनीबरोबर बेअरिंग बदलायचं काम आलं की पाना आणि पुलर (बेअरिंग ओढून काढायचं हत्यार) त्याच्या हातात द्या आणि तुम्ही दोन पावलं मागे उभे राहा. तुम्हाला वीस मिनिटं लागतात, त्याला तास लागेल, तेव्हा लाईन बंद असताना नको, प्लॅन्ड शटडाउनला करा. बसवताना तो बाहेरच्या रेसवर, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या कडीवर ठोकायला निघाला तर हातोडा खाली येण्याआधी थांबवा आणि विचारा की शाफ्टवर घट्ट कोण बसणार आहे, आतली रेस की बाहेरची, मग दाब कुणावर द्यायचा. उत्तर सांगू नका. तो गप्प राहील, बेअरिंग हातात फिरवेल, कदाचित चुकीचं बोलेल. तुम्हीही गप्प राहा. त्या दोन-तीन मिनिटांत तुमच्या हातांना काय वाटतं, पाना ओढून घ्यावासा किती वाटतो, आणि तो आपणहून आतली म्हणाला तेव्हा काय वाटलं, ते मला इथेच खाली लिहा. पुढचं त्यावर बोलू.